वृद्धाचें दुःख आणि श्वासाचें अवधान

प्रत्येक मंडळींत अशी एखादी आजी असते. दोन वर्षांपूर्वीं ती उपासनेला सर्वांच्या आधीं येऊन चटया अंथरीत असे. आतां ती येत नाहीं. उपदेशक घरीं गेले तर ती ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली आढळते. "कशी आहेस, आजी?" असें विचारलें तर "बरी आहे बाबा, दिवस ढकलायचे," एवढेंच म्हणते. जेवण अर्ध्यावर टाकते. पहाटे तीनलाच जागी होऊन अंधारांत बसून राहते. मुलगा म्हणतो, "वय झालें, दुसरें काय?" सून म्हणते, "उगीच मनाला लावून घेतात." आणि आमचे उपदेशक, जे खरोखर भले गृहस्थ आहेत, ते तिला प्रार्थना वाढविण्यास सांगून पुढच्या घरीं जातात. ह्या तिन्ही उत्तरांचा परिणाम एकच होतो: विचारणाऱ्याचा प्रश्न संपतो, आणि आजी तशीच राहते.

अशा विषण्णतेवर पाश्चात्य देशांतील मानसशास्त्रज्ञांनीं गेल्या तीसएक वर्षांत एक उपाय पुढें आणिला आहे. त्यांत रोग्यास कांहीं वेळ स्थिर बसवून आपल्या श्वासाकडे, शरीराकडे व मनांत येणाऱ्या विचारांकडे लक्ष देण्यास शिकवितात. इंग्रजींत ह्यास माइंडफुलनेस असें नांव आहे. मराठींत कोणी सजगता म्हणतात. आम्ही येथें अवधान हा जुना शब्द वापरूं. वर्तमानपत्रें व मोबाईल फोन यांच्या द्वारें ही गोष्ट आतां खेड्यांपर्यंत येऊन पोहोंचली आहे. आमच्यापुढें जो प्रश्न आहे तो असा: ज्या वृद्धाला दुःख देणारें कोणी दुसरेंच आहे, त्याला "तूं शांत बस व आपल्या श्वासाकडे पाहा" असें सांगणें नीतीला धरून आहे काय? ह्याचें उत्तर देण्यापूर्वीं रोग कोणता व उपाय कोणता हें नीट समजून घेतलें पाहिजे. न समजतां केलेली निंदा आणि न समजतां केलेली स्तुति, ह्या दोहोंनीं रोग्याचें सारखेंच नुकसान होतें.

दुःख आणि विषण्णता एक नव्हेत. घरांतलें माणूस गेलें म्हणजे मनुष्य रडतो, आणि रडतां रडतां नातवाच्या बोबड्या बोलण्यानें क्षणभर हसतोही. ज्यास डॉक्टर नैराश्य म्हणतात त्या रोगांत तें हसूंही उरत नाहीं. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ दररोज, मन उदास राहणें किंवा पूर्वीं आवडणाऱ्या गोष्टींतला रस निघून जाणें हें त्याचें मुख्य लक्षण होय. त्याबरोबर झोप, भूक, अंगांतील त्राण व स्वतःविषयींचा आदर हीं उणीं होत जातात, आणि कधीं कधीं मरणाचे विचार येतात. वृद्धांमध्यें हा रोग पुष्कळदां वेष पालटून येतो. म्हातारा मनुष्य "मी दुःखी आहें" असें क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, कंबर दुखते, छातींत भरून येतें, अन्न गोड लागत नाहीं. कधीं विसर पडूं लागतो, आणि घरचे समजतात कीं बुद्धि गेली. थायरॉइड ग्रंथीचें काम मंद झाल्यानें किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेंही अशीच अवस्था येऊं शकते. म्हणून पहिली पायरी दवाखान्याची. "वय झालें" हें निदान नव्हे. सत्तरी उलटलेलीं पुष्कळ माणसें आनंदांत असतात, हें आपण आपल्याच गांवांत पाहतों.

आतां उपायाकडे वळूं. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वूस्टर येथील वैद्यकीय केंद्रांत १९७९ सालीं जॉन कॅबट-झिन यांनीं, ज्यांचें जुनाट दुखणें औषधांनीं बरें होत नव्हतें अशा रोग्यांसाठीं एक वर्ग काढिला. त्यांतील अभ्यास त्यांनीं बौद्ध ध्यानपरंपरेंतून व हठयोगांतून घेतले होते. परंतु कोणत्याही धर्माची दीक्षा त्यांत ठेविली नव्हती. पुढें झिंडल सीगल, मार्क विल्यम्स व जॉन टीझडेल ह्या तिघां मानसशास्त्रज्ञांनीं त्यास विचारांच्या चिकित्सेची जोड देऊन नैराश्याकरितां आठ आठवड्यांचा क्रम सिद्ध केला. सीगल हे कॅनडांतले, बाकीचे दोघे ब्रिटनमधले. त्यांचें पुस्तक २००२ सालीं निघालें.

त्यांस जें दिसून आलें तें आमच्या शेतकरी वाचकांस सहज कळेल. ज्याला हा रोग दोनतीनदां होऊन गेला आहे, त्याच्या मनांत लहानसें दुःख आलें कीं त्याच्यामागून जुन्या विचारांची सगळी रांग चालूं लागते. सुनेनें चहा द्यावयास उशीर केला. एवढ्यावरून "मी नकोशी झालें", त्यावरून "मी कधीं कोणाच्या उपयोगीच पडलें नाहीं", त्यावरून वीस वर्षांपूर्वींचें भांडण, आणि त्यावरून "आतां मरण बरें." रोग्याला वाटतें कीं आपण विचार करून ह्यांतून वाट काढीत आहों, प्रत्यक्षांत तो रवंथ करीत असतो. बैल रवंथ करितो तेव्हां खाल्लेलें पचून त्याच्या अंगीं लागतें. मनाच्या ह्या रवंथानें कांहींच पचत नाहीं. तोच घास प्रत्येक वेळीं अधिक कडू होऊन वर येतो.

वर्गांत काय करितात? आठवड्यांतून एकदां सुमारें दोन तास आठदहा लोक जमतात, आणि इतर दिवशीं घरीं अभ्यास करितात. पहिल्याच दिवशीं प्रत्येकाच्या हातावर एक मनुका ठेवितात. ती नीट पाहावयाची, बोटांनीं चाचपावयाची, तिचा वास घ्यावयाचा, आणि मग अगदीं हळू चावून खावयाची. हें ऐकून हसूं येतें, आम्हांसही आलें. परंतु गेल्या वर्षभरांत आपण किती घास लक्ष देऊन खाल्ले हें मोजूं गेलें म्हणजे हसूं थांबतें. पुढें पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेणें, श्वासाकडे लक्ष देऊन बसणें, सावकाश चालणें, आणि दिवसांतून केव्हांही करतां येईल असा तीन मिनिटांचा लहान अभ्यास, असा क्रम असतो. मन भटकतें, तें भटकणारच. भटकलें असें ध्यानांत आलें कीं त्यावर न रागावतां त्यास परत श्वासाकडे आणावयाचें, इतकेंच काम. ह्यांतून रोगी हळूहळू हें शिकतो कीं, "मी निरुपयोगी आहें" हा मनांत आलेला एक विचार आहे, न्यायाधीशाचा निकाल नव्हे. ओट्यावर बसलेल्या मनुष्यास रस्त्यानें जाणारे शंभर वाटसरू दिसतात. प्रत्येकाला घरांत बोलावून पाट मांडलाच पाहिजे असें नाहीं.

वृद्धांसाठीं ह्यांत थोडा फेरफार करावा लागतो. जमिनीवर निजून करावयाचा अभ्यास खुर्चीवर बसून करितात, कारण ज्याचे गुडघे धरले आहेत तो खालीं बसला तर उठतांना पडावयाचा. बसण्याची वेळ कमी ठेवावी, शिकविणाऱ्यानें मोठ्यानें व सावकाश बोलावें, आणि ज्यास दम लागतो त्यानें श्वासाकडे लक्ष न देतां तळपायांकडे किंवा कानीं पडणाऱ्या आवाजांकडे द्यावें. इंग्लंडांत पासष्ट वर्षांवरील लोकांस हा क्रम शिकवून त्यांचे अनुभव विचारण्यांत आले, व तो वृत्तांत २००७ सालीं प्रसिद्ध झाला. म्हातारपणीं नवें शिकतां येत नाहीं, ही समजूत त्यानें खोटी ठरविली.

आमचे एक स्नेही हें सर्व ऐकून म्हणाले, "आमचे म्हातारे दिवसभर बसलेलेच असतात, त्यांना आणखी बसावयास काय शिकवितां?" प्रश्न मार्मिक आहे. पण ओट्यावर बसलेल्या आजीचें केवळ शरीर तेथें बसलेलें असतें. तिचें मन वीस वर्षांपूर्वींच्या भांडणांत उभें असतें. समोर कोंबडीं दाणे टिपीत आहेत, पाठीवर कोंवळें ऊन आलें आहे, ह्यांतलें कांहींएक तिच्यापर्यंत पोहोंचत नाहीं. तिला बसावयास शिकवावयाचें नाहीं. जेथें ती बसली आहे तेथें तिला आणावयाचें आहे.

हा उपाय गुणकारी आहे कीं नाहीं ह्याचा पडताळा पाहिला गेला आहे. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगांत, नैराश्यांतून एकदां बरे झालेले १४५ लोक होते. त्यांपैकीं ज्यांना तीन किंवा अधिक वेळां हा रोग होऊन गेला होता, त्यांच्यांत नेहमींच्या उपचारांवर राहिलेल्या शेंकडा ६६ जणांस साठ आठवड्यांच्या आंत रोग उलटला. वर्ग मिळालेल्यांत शेंकडा ३७ जणांस उलटला. ज्यांना दोनदांच झाला होता, त्यांस फायदा दिसला नाहीं. २००४ सालीं ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेनें, वारंवार रोग उलटणाऱ्या लोकांसाठीं ह्या क्रमाची शिफारस केली. २०१५ सालीं ४२४ लोकांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत दोन वर्षांच्या काळांत, गोळ्या चालू ठेवणाऱ्यांपैकीं शेंकडा ४७ व वर्ग करून गोळ्या कमी करणाऱ्यांपैकीं शेंकडा ४४ जणांस रोग पुन्हां झाला. म्हणजे हा उपाय गोळ्यांहून वरचढ ठरला नाहीं. त्यांच्या बरोबरीनें उभा राहिला. हे दोन्ही प्रयोग खास वृद्धांवर केलेले नव्हते, तेव्हां त्यांतील आंकडे आपल्या आजीस जसेच्या तसे लावूं नयेत.

ह्यावरून उपदेशकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, हा क्रम मुळांत रोगांतून उठलेल्या मनुष्यास तो पुन्हां होऊं नये म्हणून रचिला आहे. जो खोल गर्तेंत आहे, ज्यास घांसही गिळवत नाहीं, त्याला डोळे मिटून बसविणें म्हणजे त्याला त्याच्या वैऱ्याबरोबर एका खोलींत कोंडणें होय. कोणाकोणास डोळे मिटतांच जुना आघात समोर उभा राहतो; त्यांनीं डोळे उघडे ठेवावे, आणि तरीही त्रास होत असेल तर सोडून द्यावें. कोणाच्याही सांगण्यावरून गोळ्या एकाएकीं बंद करूं नयेत. इगतपुरीस दहा दिवस मौन पाळून राहण्याचे जे वर्ग चालतात, ते व हा आठ आठवड्यांचा उपचार एक नव्हेत. आजारी वृद्धास डॉक्टरांस न विचारतां तेथें धाडूं नये. आणि ज्याच्या तोंडीं मरणाची भाषा आली आहे त्याचें बोलणें थट्टेवारी नेऊं नये. शेतांत फवारण्याचें औषध घरांतून हालवावें, त्यास एकटें सोडूं नये, व त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. २०२२ सालापासून सरकारनें टेलिमानस म्हणून दूरध्वनीची सोय केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर कांहीं पैसे न पडतां बोलतां येतें.

कोणी विचारील, जो अभ्यास बौद्ध परंपरेंतून आला तो आपल्या माणसांनीं करावा काय? आमचें उत्तर थोडक्यांत असें. श्वास ही कोणाची मिरास नाहीं. ह्या वर्गांत कोणाचें नामस्मरण नाहीं, कोणास नमन नाहीं. आणि ज्याच्या मनास हें रुचत नाहीं त्याच्यावर सक्तीही नाहीं. मात्र ह्यास प्रार्थना समजूं नये, आणि प्रार्थनेच्या जागीं हें ठेवूं नये. औषध घेणें ही जशी प्रार्थना नव्हे तसेंच हें. ज्यांस असें वाटतें कीं विषण्णता म्हणजे विश्वासाची उणीव, त्यांनीं रतामाच्या झुडपाखालीं मरण मागत निजलेल्या एलीयाची गोष्ट पुन्हां वाचावी. देवदूतानें त्यास दोष दिला नाहीं. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याची चंबू त्याच्या उशाशीं ठेविली, त्यास निजूं दिलें, आणि मग पुन्हां जागें करून खाऊं घातलें.

आतां मूळ प्रश्न. समजा, एका म्हाताऱ्यानें आपली तीन एकर जमीन मुलाच्या नांवें करून दिली, आणि त्यानंतर त्याचें ताट सर्वांच्या मागून वाढलें जाऊं लागलें. तो विषण्ण झाला. त्याच्या मनांत विचार येतो तो हा कीं, "मला येथें किंमत राहिली नाहीं." हाही विचार रस्त्यानें जाणारा वाटसरूच काय? मुळींच नव्हे. ही साक्ष आहे, आणि खरी साक्ष आहे. अशा मनुष्यास श्वासाकडे पाहावयास सांगून आपण उठून जाणें म्हणजे, पायांत काटा तसाच ठेवून वरून बधिर करणारें मलम चोळणें होय. त्याहून वाईट हें कीं, त्या मलमाचा लाभ बापाहून मुलाला अधिक होतो, कारण बाप आतां कुरकुर करीत नाहीं. आमच्या देशांत वृद्धांस, विशेषतः विधवांस, सोसण्याचा उपदेश करणारे काय कमी आहेत? त्यांत दवाखान्याच्या नांवानें आणखी एकाची भर पडूं नये. जें ऋण दुसऱ्यानें फेडावयाचें आहे तें वृद्धानें आपल्या मनाच्या शांतीनें फेडावें, असें सांगण्याचा अधिकार कोणासही नाहीं, मग सांगणारा डॉक्टर असो वा उपदेशक.

त्या ऋणाच्या वसुलीस मार्गही आहेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठीं २००७ सालीं कायदा झाला. त्याप्रमाणें म्हाताऱ्या आईबापांस प्रांत अधिकाऱ्यापुढें पोटगीचा अर्ज करतां येतो, आणि सांभाळ करण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता, अट मोडली गेल्यास, परत मागतां येते. श्रावणबाळ योजनेचें अनुदान निराधार वृद्धांसाठींच आहे. पण ज्यांनीं जन्मभर खुरपें धरिलें त्यांच्या बोटांच्या रेषा झिजून जातात, यंत्र त्यांचा अंगठा ओळखीत नाहीं, आणि आजी बँकेच्या दारांतून रिकाम्या हातानें परत येते. घरीं येऊन ती म्हणते, "माझें नशीबच फुटकें." तें नशीब नव्हे. तें यंत्र आहे, आणि त्यास दुसरा उपाय आहे. कोणीतरी तिच्याबरोबर जाऊन विचारलें पाहिजे.

परंतु येथेंच थांबलों तर अर्धेंच सत्य सांगितल्यासारखें होईल. ज्याचें मन रवंथांत अडकलें आहे त्यास काटा नेमका कोठें आहे हेंही सांगतां येत नाहीं. तो म्हणतो, "सगळेंच वाईट आहे." असें म्हणणाऱ्यास तक्रार करतां येत नाहीं, कारण तक्रारीला तारीख लागते, रक्कम लागते, नांव लागतें. आणि पुष्कळदां तो सगळा दोष सुनेवर घालितो, नाहींतर सगळा स्वतःवर. दोहोंत खरा अपराधी सुटून जातो. अवधानाचा जो गुण आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो हा कीं, त्यानें ह्या "सगळ्याचे" तुकडे होतात. थोडें शांतपणें पाहूं लागल्यावर आजीस दिसतें कीं, चहाला उशीर झाला ही एक गोष्ट, आणि मार्चपासून अनुदान आलें नाहीं ही दुसरी. पहिली सोडून देण्याजोगी आहे. त्या दिवशीं सून शेतावरून उशिरां आली होती. दुसरी तहसील कचेरींत नेण्याजोगी आहे. अवधान म्हणजे संमति नव्हे. जें आहे तें आहे असें पाहणें आणि जें आहे तें असूं द्यावें असें म्हणणें, ह्यांत मोठें अंतर आहे, आणि ह्या उपायाचे प्रशंसक व निंदक दोघेही हें अंतर वारंवार विसरतात.

मात्र हे तुकडे पाडण्याचें काम रोग्यास एकट्यानें साधत नाहीं. शेजारीं बसणारें कोणीतरी लागतें. तें कोणी डॉक्टरच असलें पाहिजे असें नाहीं. गोव्यांत सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या, साठ वर्षांवरील १८१ लोकांवर एक प्रयोग झाला व तो २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या लोकांस उदासीचीं थोडीं लक्षणें होतीं, पण पुरा रोग जडलेला नव्हता. निम्म्या लोकांकडे शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते जात. ते वृद्धास विचारीत, तुमच्यापुढें अडचण कोणती? मग ती अडचण लहान भागांत मोडून एकेका भागावर काय करतां येईल हें त्याच्याबरोबर ठरवीत; झोप सुधारण्याच्या रीती सांगत; सरकारी मदत व औषधोपचार मिळविण्यास हात देत. वर्षभरानें पाहिलें तों, ह्या ९१ जणांपैकीं चौघांस पुरें नैराश्य जडलें होतें. ज्यांच्याकडे असे कार्यकर्ते गेले नव्हते त्या ९० जणांपैकीं तेरांस. ही श्वासाची चिकित्सा नव्हती, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. पण जे कार्यकर्ते हें करूं शकले ते आमच्या उपदेशकांहून व बायबलबाईंहून अधिक विद्वान होते असें आम्हांस वाटत नाहीं. ते शिकले, त्यांच्यावर देखरेख करणारे होते, आणि ते पुन्हां पुन्हां गेले.

तेव्हां उपदेशकानें आजीकडे जातांना क्रम कोणता धरावा? आमच्या मतें प्रथम दवाखाना. नंतर ताट, पासबुक व सातबारा यांची चौकशी. आणि मग, तिची इच्छा असेल तर, खुर्चीवर पांच मिनिटें बसून श्वासाकडे लक्ष देण्याचा अभ्यास. ज्यानें पहिल्या दोन गोष्टींस हात लाविला नाहीं त्यानें तिसरी सांगण्याच्या भरीस पडूं नये. शिकविणारा स्वतः तो अभ्यास करीत नसेल तरीही सांगूं नये. वृद्धांस पोकळ बोलणें लवकर ओळखूं येतें.

ह्यापलीकडे एक दुःख उरतें, ज्याचें ऋण कोणाकडेच निघत नाहीं. पन्नास वर्षांच्या संसारानंतर बायको गेलेला म्हातारा आम्हीं पाहिला आहे. मुलें चांगलीं होतीं, सून वेळेवर वाढीत असे, अनुदानही येत असे. कोणत्या कचेरींत जाणार? त्याच्याविषयीं मात्र आम्हांस वाटतें कीं हा अभ्यास त्याच्यासाठींच आहे. संध्याकाळीं ती ज्या वेळेस चूल पेटवीत असे त्या वेळेस त्याचा श्वास जड होई. तेव्हां तो ओट्यावर येऊन बसे, तळपाय जमिनीवर टेकी, आणि तो जडपणा छातींत कोठें आहे हें पाहत राही. तो घालवूं पाहत नसे. एका संध्याकाळीं आम्ही त्याच्याजवळ बसलों होतों. दोघेही कांहीं बोललों नाहीं. अंधार पडल्यावर तो म्हणाला, "चला, भाकरी थंड होईल," आणि काठी शोधूं लागला.